हॅम रेडिओ आणि आमच्या बिल्डिंगमधली पोरं

पहिल्या वर्षी मी सपशेल चुकले. मे महिन्याची सुट्टी, बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीतली नऊ पोरं, आणि मी हॉलमध्ये फळा लावून थेट ओहमच्या नियमाला हात घातला. तिसऱ्या दिवशी दोघंच उरली. त्यातला एक माझा भाचा, त्याला पळून जायची सोयच नव्हती. तेव्हा आपल्या किंवा शेजारच्या मुलांना हॅम रेडिओची, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून आपल्या सेटवरून लांबच्या माणसांशी बोलण्याची, गोडी लावायची असेल तर फळा माळ्यावर टाका आणि आधी काहीतरी ऐकवा.

त्याला महागडा सेट लागत नाही. घरात मीडियम वेव्ह लागणारा जुना ट्रान्झिस्टर असेल तर दुपारी काटा फिरवून कुठली स्टेशनं लागतात ते वहीत लिहायला लावा. मुंबईची अस्मिता ५५८ वर, आणखी एखाददुसरं, बाकी खरखर. मग रात्री दहाला पुन्हा तोच काटा. आता मधूनच भलत्याच भाषेतलं स्टेशन वर येतं, विरतं, परत येतं. ‘मावशी, हे दुपारी कुठे होतं?’ असं कुणीतरी विचारतंच, आणि मगच आयनांबराचं, म्हणजे हवेतल्या उंचावरच्या विद्युतभारित थरांचं, सांगायचं: दिवसा या लहरी गिळून टाकणारा खालचा ‘डी’ थर सूर्य मावळला की विरतो, आणि लहरी वरच्या थरावरून वळून शेकडो किलोमीटरवर उतरतात. खरखरीचंही तसंच. फोनचे चार्जर आणि एलईडी बल्ब एकेक करून बंद करत जा, फरक कानाला कळतो. सगळ्यात वाईट चार्जर कुणाचा याचा तपास पोरांनी अख्ख्या मजल्यावर केला आणि एका शेजारणीने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

ट्रान्झिस्टर नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, मोबाइलवरही उघडतो. तिथे युरोपातले हॅम (हा छंद असलेल्यांना हॅमच म्हणतात) एकमेकांशी बोलताना, मोर्स ही टिंबं-रेघांची सांकेतिक लिपी वाजवताना ऐकू येतात. पण हातात काटा असण्याची मजा त्यात नाही, हे माझं मत.

पोरं खरी अडकली ती गच्चीवर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्याचं बोलणं खाली येतं. काही ठरावीक, आधी जाहीर केलेल्या दिवसांत तिथून चित्रंही पाठवतात, आवाजाच्या रूपात. त्यासाठी आम्ही अँटेना केला प्लॅस्टिकच्या पाइपचा आणि स्टीलच्या मेजटेपचा. तीन तुकडे, सगळ्यात लांब जेमतेम एक मीटरचा, कारण लहरच दोन मीटरची. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून पुरता काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. ते काम धाकट्यांना दिलं, दोन दिवस शांतता. केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडवरून. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर ग्रँट रोड स्टेशनबाहेर चार माणसं विचारात पडतील. मुलांना तिथे न्याच, दुकानातले ड्रॉवर बघूनच डोळे विस्फारतात.

स्थानक डोक्यावरून गेलं तरी दहाएक मिनिटंच मिळतात. आमची पहिली चार मिनिटं गच्चीची किल्ली शोधण्यात गेली. मग एकाने अँटेना आकाशात फिरवायचा, एकीने माझ्या हातात मावणाऱ्या रेडिओ सेटपाशी फोन धरायचा. फोनमध्ये रोबोट-३६ नावाचं अ‍ॅप. चिरचिर आवाज सुरू झाला आणि पडद्यावर वरून खाली एकेक रेघ उमटू लागली. चित्र पुरं व्हायला दोन मिनिटं लागतात. आमचं अर्धं आलं, खाली नुसता मुरमुऱ्यांचा सडा. पण ते अर्धं चित्र प्रिंट काढून लिफ्टमध्ये लागलं. स्थानक जवळ येताना आणि लांब जाताना फ्रिक्वेन्सी थोडी का सरकते, हे समजवायला विरार फास्टचा भोंगा पुरतो.

मोर्समध्ये मी टिंबं-रेघांचा तक्ता दाखवतच नाही. कानानेच. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याची चावी, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि दोन फ्लॅटमध्ये खिडकीतून ओढलेली वायर. तबला शिकणारी मुलगी सगळ्यांच्या पुढे गेली. तिला ‘दि-दि-दि-दा’ हा बोलच वाटला, अक्षर नाही. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्द लागतात. तरी शिकवा.

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा, परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. थोडं रेडिओशास्त्र, थोडे नियम. ती फार अवघड नाही, पण माझ्याकडची पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत आणि मराठी माध्यमाची मुलं रेझोनन्सपेक्षा ‘शॅल’ आणि ‘पर्मिसिबल’ यांनाच घाबरतात. नियमांचे उतारे घरी मराठीत समजावून घ्या. परवाना हाती येईपर्यंत सेटचं बटण दाबायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. यात मी कडक आहे.

‘व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?’ असं आईबाप विचारतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत तुमचा फोन लागत होता का, एवढं विचारते. मुलांना मात्र २००४ च्या त्सुनामीची गोष्ट सांगते. भारती प्रसाद तेव्हा हॅम रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, आणि छंदासाठी नेलेल्या त्याच सेटवरून अंदमानातले निरोप बाहेर पोचले.

आता सगळ्यात मोठी अडचण, जी मला कुणी सांगितली नव्हती. भाचा तेराव्या वर्षी पास झाला, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळालं, आणि दिवसभर टकळी चालणारा हा पोरगा माइक हातात येताच मुका झाला. तीन रविवार. मग आम्ही काय बोलायचं ते कागदावर लिहिलं: नाव, गाव, हवामान, तुमचा आवाज कसा येतोय. अक्षरांची उजळणीही चालूच होती. रेडिओवर ‘ए’, ‘बी’ नीट कळावं म्हणून अल्फा, ब्राव्हो असे शब्द म्हणतात; ते पाठ होईनात म्हणून आधी स्टेशनं: अंधेरी, बोरिवली, चर्नी रोड, दादर. ‘ई’ला अडलो, एल्फिन्स्टनचं प्रभादेवी झालेलं.

चौथ्या रविवारी सकाळी, सात मेगाहर्ट्झवर, कोल्हापूरच्या एका आजोबांनी त्याला उत्तर दिलं. हॅममध्ये कुणालाही ‘ओल्ड मॅन’ म्हणतात, तसं त्यांनी यालाही म्हटलं. भाच्याने कागद घट्ट धरला आणि कॉलसाइन सांगायला लागला: ‘व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री, अंधेरी...’ आणि थांबला. पलीकडे क्षणभर नुसती खरखर.

‘अंधेरी कळलं, ओल्ड मॅन. पुढचं स्टेशन?’