वळवाचा ढग पाठीमागे असतो : काईटबोर्डिंग शिकू पाहणाऱ्या बेळगावकरांसाठी

चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर मी काईटबोर्डिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाण्यावर घसरण्याचा खेळ, शिकलो आणि पुढचे दोन हंगाम तिथेच प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले आता मला विचारतात, की पोहता येत असेल तर या खेळात भीती कसली? पोहता यायलाच हवे. पण मी पाहिलेल्या बहुतेक दुखापती कोरड्या वाळूवर, पतंग चढवताना किंवा उतरवताना झालेल्या आहेत, आणि त्यांतल्या गंभीर दुखापतींच्या मागे वादळी वारा होता.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पंचाहत्तर किलोचा माणूस १४-१५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २७ किलोमीटर वाऱ्यात साधारण १२ चौरस मीटरचा पतंग घेतो. तोच वारा ३० नॉटांवर गेला, की ओढ दुप्पट न होता चौपट होते आणि तिच्यापुढे माणसाचे वजन पुरे पडत नाही. रोजचा समुद्री वारा असा एका क्षणात वाढत नाही. वळवाचा मात्र वाढतो.

वळीव आपल्याला नवा नाही. आमचे आजोबा शिवारात काम करताना मध्येच थांबून म्हणायचे, ‘वारं पडलं म्हणजे वळीव दाराशी आला म्हणून समज गा.’ एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर सह्याद्रीवर उंच ढग वाढतात. पाऊस पडू लागला की ढगातली थंड, जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरत पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते. म्हणजे थेंबही पडण्याआधी झोत येऊन पोहोचलेला असतो. मोरजीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे रोजचा वारा समुद्राकडून येतो आणि सगळ्यांचे डोळे पाण्याकडे असतात. ढग मात्र पाठीमागे, घाटावर वाढत असतो. त्याचा झोत समुद्री वाऱ्याच्या बरोबर उलट, जमिनीकडून पाण्याकडे वाहतो.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी चारच्या सुमारास वारा असाच मंदावला. पतंग तोलण्यापुरता जेमतेम उरला होता, आणि तो परत भरेल या आशेने मी पतंग डोक्यावर सरळ धरून वाळूवर उभा राहिलो. सहकाऱ्याने उतरवून घेण्याची खूण केली होती, मी मानेनेच नको म्हटले. चूक सर्वस्वी माझी होती. माडांच्या झावळ्या उलट्या दिशेला फडफडल्या, मानेवर गार हवा लागली आणि मी घाबरून बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, छातीशी ओढला. सायकलवर घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो तशीच ही कृती असते, फक्त इथे बार ओढला की पतंगाची ताकद वाढते. पाय सुटले. पंधरा-वीस पावलांवर, ओढून ठेवलेल्या एका होडीपासून चार हातांवर, ओल्या वाळूत आपटलो आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. बार सोडायचा असतो हे मला पाठ होते, हाताला मात्र ते अजून ठाऊक नव्हते.

म्हणून नवशिक्याने पहिल्या दिवसापासून हाताला शिकवावे. प्रथम बार सोडायचा. तरीही ओढ थांबली नाही तर हार्नेससमोरचा, म्हणजे पतंग अंगाला जोडणाऱ्या पट्ट्यासमोरचा, लाल क्विक रिलीज (ओढ झटक्यात तोडणारी कळ) उघडायचा, जो बहुतेक बनावटींत अंगापासून दूर ढकलावा लागतो. मग पतंग एकाच दोरीवर लोळतो. तेवढ्यानेही भागले नाही तर लीश, म्हणजे आपल्याला त्या दोरीशी बांधून ठेवणारा पट्टा, सोडून पतंग जाऊ द्यायचा, मात्र वाऱ्याच्या दिशेला माणसे नाहीत हे पाहून. मी हे डोळे मिटून, दोन्ही हातांनी, घरच्या अंगणात हार्नेस बांधून करायचो, तेव्हा शेजारच्या काकू कौतुकाने पाहत असत. ताणलेली दोरी हाताने कधीही धरू नये. मांजाने बोट कापलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाण्यावर असताना जमिनीकडचा वारा सुटला आणि पतंग सोडावा लागला, तर तरंगण्याचा मोठा आधारही जातो. त्यामुळे जिथे बचावाची बोट नाही तिथे शिकायला जाऊ नये, मग शुल्क कितीही कमी असो. हिडकलच्या जलाशयावर सराव करावा का, असेही विचारतात. माझ्या मते करू नये. डोंगरांवरून उतरणारा वारा तुटक असतो आणि काठ खडकाळ.

निघण्यापूर्वी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचावा आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप उघडून आसपास वीज पडते आहे का ते पाहावे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याजवळून गेले, त्याची सूचना आधी मिळाली होती. वळवाची सूचना अनेकदा तासाभरापूर्वीच मिळते. अंदाजात सरासरी वारा आणि झोत यांत दहा नॉटांहून अधिक अंतर दिसले तर मी शिकाऊ माणसाला पाण्यात सोडत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर सर्वांना बाहेर काढतो, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही परत जाऊ देत नाही. पैसे भरून आलेली मंडळी या अर्ध्या तासात फार कुरकुरतात. प्रशिक्षक व्हायचे असेल तर ती ऐकून घेण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी.