मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवलं, तरी काम अडतंच? या चुका टाळा

कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरची हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर बसवून तीन महिने झाले. डॅशबोर्ड हिरवागार, टीममधल्या प्रत्येकाचा ‘प्रॉडक्टिव्ह टाइम’ ८० टक्क्यांच्या वर, आणि पुरवठादाराचं बिल मात्र पूर्वीसारखंच सहाव्या दिवशी पास होतंय. अशा वेळी बहुतेक मॅनेजर नजर आणखी कडक करतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

त्या बिलाचा प्रवास पाहा. एक जण नोंद करतो, दुसरा तपासतो, तिसरा मंजुरी देतो, चौथा पैसे सोडतो. प्रत्येकाचं काम दहा मिनिटांचं, म्हणजे सहा दिवसांत बिलावर प्रत्यक्ष हात चालला तो ४० मिनिटं. बाकी सगळा वेळ ते कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून होतं. सॉफ्टवेअरला दिसतात ती ४० मिनिटं. सगळ्यांनी जीव तोडून त्यातली दहा वाचवली, तरी बिल सहाव्याच दिवशी निघणार.

अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे उपयोगी पडतो. सरासरी लागणारा वेळ म्हणजे साचलेलं काम भागिले रोज हातावेगळं होणारं काम. १२० बिलं साचली असतील आणि रोज २० निघत असतील, तर सहा दिवस लागणारच. या गणितात कुणाचा माऊस किती हलला हे कुठेच येत नाही. म्हणून माणसाचा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि एका बिलाचा माग काढा: कुणाकडे किती वाजता आलं, पुढे किती वाजता गेलं. या वेळा बहुतेकदा तुमच्या बिलिंग किंवा तिकीट सिस्टीममध्ये (आलेली कामं नोंदवणारी सिस्टीम) आधीच नोंदलेल्या असतात. त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही (विक्रेता हे सांगणार नाही, ते सोडा).

मग मॉनिटरिंगचा उपयोग काय? आहे, आणि तो चांगला आहे. एकच आकडा तीन ॲपमध्ये पुन्हा पुन्हा टाइप होतोय, एका बिलासाठी चाळीस वेळा खिडक्या बदलाव्या लागतायत, हे त्यातून लख्ख दिसतं. दोष सिस्टीमचा असतो आणि पुरावा हाती येतो.

आकडेच चुकीचे येतात तेव्हा

आयडल टाइमची मर्यादा, म्हणजे कीबोर्ड-माऊस किती वेळ शांत राहिला की माणूस रिकामा धरायचा ते, आधी तपासा. करार वाचणारा, फोनवर बोलणारा, कागदावर हिशोब मांडणारा, हे सगळे सॉफ्टवेअरच्या लेखी रिकामे बसलेले असतात. फ्रान्समध्ये एका रिअल इस्टेट कंपनीने कीबोर्ड-माऊस ३ ते १५ मिनिटं शांत राहिला की तो वेळ निष्क्रिय धरला, वर ठरावीक अंतराने स्क्रीनशॉटही घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेने, सीएनआयएलने, तिला ४०,००० युरोंचा दंड केला. अशा मोजणीने कामाचे तास विश्वासार्हपणे कळत नाहीत, हाही त्या निर्णयातला एक मुद्दा होता.

रात्रपाळीचे आकडे अर्धेच दिसत असतील तर दिवस मध्यरात्री तुटतोय. सेटिंगमध्ये दिवसाची सुरुवात बदला. कुणाचा सगळा दिवस ‘रिमोट डेस्कटॉप’ (दूरच्या मशीनवर काम करायची खिडकी) या एकाच नावाखाली जात असेल, तर आतली ॲप्स मोजलीच जात नाहीयेत. आणि ॲप्सची ‘उपयोगी-निरुपयोगी’ यादी विक्रेत्याकडून आली तशीच ठेवू नका. मार्केटिंगवाल्यांचं सोशल मीडिया हेच काम असतं.

एक सोपी चाचणी आहे. मॅनेजरने आधी स्वतःच्या मशीनवर एक दिवस सॉफ्टवेअर चालवावं, शेजारी वहीत वेळ लिहावी आणि संध्याकाळी दोन्ही ताडून पाहावं. त्यानंतर त्या आकड्यांवरून कुणाला जाब विचारायची हिंमत सहसा उरत नाही.

आकड्याला बक्षीस लावलं की

अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं, ते इथेही लागू पडतं: ज्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकाल, तो आकडा भरवशाचा राहत नाही. माऊस आपोआप हलवणारी उपकरणं बाजारात सर्रास मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा देखावा केल्याबद्दल डझनाहून जास्त जणांना काढलं. ‘ॲक्टिव्ह टाइम’ला इन्सेंटिव्ह जोडला, की असाच डेटा गोळा होणार.

बसवण्याआधीचे आकडे नसतील, तर सुधारणा झाली की नाही हे सांगताच येत नाही. किमान चार आठवडे जुन्या पद्धतीतल्या वेळा नोंदवून ठेवा. लपवून बसवण्याचा मोह टाळा. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून कर्मचाऱ्याला नोकरीवर घेतानाच लेखी सूचना द्यावी लागते, आणि कायदा नसला तरी गोष्ट फुटतेच. स्क्रीनशॉटमध्ये पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती येते, म्हणजे चोरीला जाऊ शकेल असा एक नवा साठा तुम्ही स्वतःच तयार करता. बिल कुठे अडतं ते शोधायला स्क्रीनशॉट लागतच नाहीत. ते बंदच ठेवा, आणि व्यक्तिगत आकडे ज्याचे त्याला दिसू द्या, मॅनेजरला टीमचे एकत्रित.