कमी उन्हाच्या गॅलरीत पालेभाजी
सोलापुरात ऊन कमी पडतं म्हटलं तर लोक हसतील. पण पेठेतल्या दाटीच्या घरांत गॅलरीला जेमतेम तीन-चार तास ऊन मिळतं. तिथे टोमॅटो-वांग्याच्या नादी लागूच नका, त्यांना किमान 6 तास ऊन लागतं. मेथी, पालक, पुदिना, कोथिंबीर लावा. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि अर्धा इंच खोल पेरा. तळाला भोकं पाडलेला, 6 इंच खोल डबा पुरतो. सकाळचं ऊन येणारी बाजू धरा. पश्चिमेचं ऊन मे महिन्यात कोवळी पानं करपवतं. सावलीत माती लवकर सुकत नाही, म्हणून बोट खुपसून ओल बघा, मगच पाणी घाला. नळ आला नाही तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, मिठाचं मात्र नको.