घोडा घेताय? मग बाराने गुणा

हेल्मेट, टाचेचे बूट, फुल पॅन्ट. टाच एवढ्यासाठी की पाऊल रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जाऊन अडकू नये. अडकलं तर पडल्यावर घोडा फरफटत नेतो. हेल्मेट स्वतःचं घ्या, घोडेस्वारीच्या क्लासमधलं घामट असतं आणि बहुतेक वेळा ढिलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का बघा. तबेल्यात खिळे-तारा असायच्याच.

आता पैसे. महिन्याचा खर्च काढा आणि बाराने गुणा. आठाने नाही, बाराने. आम्ही लेकीला नोव्हेंबरात क्लासला घातलं. फेब्रुवारीत तिच्या हट्टापायी एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर घोडा निम्म्यात घेतला. हिशेब मांडला तो छान हवेच्या दिवसांचा. पावसाळा विसरलो. जन्म मुंबईत गेला आणि पावसाळा विसरलो! रेसकोर्सला लागून रोज बसने जाते मी. महालक्ष्मीच्या शर्यती नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात त्या पुण्याला, हे लहानपणापासून माहीत. त्याचा आपल्या घोड्याशी काही संबंध असेल असं एकदाही मनात आलं नाही.

जूनमध्ये मैदानाचा चिखल झाला, क्लास बंद. घोडा बंद होत नाही. साडेचारशे किलोचं जनावर रोज आठ-नऊ किलो सुका चारा खातं, वर चंदी, म्हणजे जई, हरभरा, कोंडा. पाणी तीसेक लिटर, उकाड्यात जास्त. सईसाचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचा, पगार चालू. नालबंद, म्हणजे खूर कापून नाल ठोकणारा, दर पाच-सहा आठवड्यांनी येणारच. आपली नखं वाढतात तसे खूर वाढतात, त्यांना पावसाचं काय! लेक घरात बसून कंटाळलेली, आणि आम्ही न बसलेल्या घोड्याचे पैसे भरतोय. इथेच आमचं घोडं पेंड खातं.

बरं, पावसात खर्च नुसता चालू राहत नाही, वाढतो. चारा जमिनीवर रचू नका, खाली फळ्या घाला. ओल धरली की बुरशी, आणि बुरशीचा चारा म्हणजे पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं वर येत नाही. आमच्याकडे दोन रात्री डॉक्टर बसून होते, त्या बिलाबद्दल नंतर कधीतरी. ओल्या जमिनीवर उभं राहून खूर आतून कुजतात. खूर उचलून नाक जवळ न्या, घाण वास आला तर समजा. म्हणून खूर रोज साफ, खरारा, म्हणजे अंगाला ब्रश, रोज, आणि उघडीप मिळाली की हाताने फिरवायचं. नुसता उभा राहिला तर पाय सुजतात आणि डोकंही फिरतं. हे सगळं करणारा माणूस जुलैच्या पावसात लोकल बंद असताना पोचणार कसा, हेही आधी ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या कुटुंबाने तर जूनपासून फोनच उचलणं कमी केलं, तेव्हा निम्मं-निम्मं म्हणजे किती महिन्यांचं ते लिहून घ्या. बारा महिन्यांचं.

तरी घ्यायचाच असेल तर आधी एक अख्खा पावसाळा नुसता क्लास लावून काढा आणि त्याच तबेल्यात जुलैत जाऊन बघा, डिसेंबरात सगळेच तबेले छान दिसतात.

क्लासचं फार काही नाही. डाव्या बाजूने चढायचं, मागून जायचं नाही, गाजर तळहात सपाट ठेवून द्यायचं. पहिले दोन आठवडे मांड्या धरतात, जिना उतरवत नाही. सकाळची वेळ घ्या. घोडा घेण्याआधी आपल्या डॉक्टरकडून पाय आणि दात तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नाही. जंताचं औषध, लशी, जुनं खोगीर त्याच्या पाठीला बसतंय का, बस.

आणि ताडपत्री मे महिन्यातच आणा.