आरशाला दोष देण्याआधी: दुर्बिणीची तारा-चाचणी

गुरूचे पट्टे धूसर दिसले की आधी मुंबईच्या हवेला नावं ठेवली जातात, मग आरशाला. आरसा खरंच दोषी आहे का, हे गच्चीवर तपासता येतं. खालची आकडेवारी १५० मिमी व्यासाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या न्यूटोनियन (मोठा मुख्य आरसा आणि छोटा तिरका आरसा असलेल्या) दुर्बिणीची आहे.

दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा. एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर मात्र नेऊ नका, दमट हवेत आरशावर लगेच बाष्प धरतं.

ध्रुवतारा जागचा हलत नाही म्हणून सोयीचा, पण मुंबईत तो जेमतेम १९ अंश उंचीवर, धुरक्यात. त्यापेक्षा डोक्यावरचा मध्यम तेजाचा तारा घ्या. सकाळी ऊन तापायच्या आत २५ मीटरवर ठेवलेली बेअरिंगची चकचकीत गोळीही चालते, तिच्यावरची सूर्याची तिरीप हाच तारा. दुर्बीण सूर्याच्या दिशेला मात्र वळता कामा नये.

६ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा, २०० पट वर्धन मिळेल. तारा मधोमध ठेवून फोकस किंचित ढळवा. प्रकाशाच्या कड्या आणि मध्ये छोट्या आरशाची काळी सावली दिसेल. सावली एका बाजूला असेल तर मुख्य आरशामागचे स्क्रू अगदी थोडे फिरवा, तारा परत मध्ये आणा, पुन्हा बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. कड्या उकळत्या पाण्यासारख्या हलत असतील तर मात्र त्या रात्री निकाल देऊ नका.

आता फोकसच्या आतल्या आणि बाहेरच्या (आयपीस थोडा आत, मग थोडा बाहेर सरकवून दिसणाऱ्या) कड्या ताडून बघा. दोन्हीकडे सारख्या असतील तर आरसा उत्तम. त्रिकोणी दिसल्या तर आरशाच्या क्लिपा आवळल्या गेल्यात. क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागद सरकेल इतक्या सैल करा. लंबगोल दिसून फोकस ओलांडताच ९० अंशांत वळल्या तर आयपीस फिरवा, मग मान तिरकी करा. लंबगोलही सोबत फिरला तर दोष आयपीसचा किंवा तुमच्या डोळ्याचा.

एकीकडे कडा ठळक आणि दुसरीकडे विस्कटलेली, हे गोलीय विपथन, म्हणजे आरशाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूवर न मिळणं. १९९० साली सोडलेल्या हबल अंतराळ दुर्बिणीचा आरसा कडेला २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट होता, तोही हाच दोष. १९९३मध्ये सुधारक प्रकाशिकी बसवावी लागली. आपल्याकडे उपाय एकच, आरसा पुन्हा घासून घेणं. पण त्याआधी फूकोच्या सुरी-चाचणीने (आरशावरून परतणारा प्रकाश पात्याच्या धारेने अडवून आरशाचा आकार तपासणं) खात्री करून घ्या.

खारट हवेने मुलामा काळवंडला तर प्रतिमा मंद होते, आरशाचा आकार बिघडत नाही. म्हणून सारखा पुसू नका; झाकणाखाली सिलिका जेलची पुडी ठेवा.