ऑस्ट्रेलियात नर्सिंगची पदवी घ्यायची असेल, तर तयारी शेवटापासून सुरू करा

बारावीचे निकाल लागले की मला गावाकडून फोन येऊ लागतात. "ताई, मुलीला नर्सिंगला ऑस्ट्रेलियाला पाठवायचंय, युनिव्हर्सिटी कोणती चांगली?" मी उलट विचारते, मुलगी तिथून पदवी घेऊन बाहेर पडायला हवी की रजिस्टर्ड नर्स होऊन? फोनवर दोन क्षण शांतता असते. दोन्ही एकच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, आणि हा फरक न कळल्यामुळे घर गहाण टाकून शिकायला आलेली मुलं अडकलेली मी पाहिली आहेत.

ऑस्ट्रेलियात नर्स म्हणून काम करायचं तर आप्रा या सरकारी संस्थेच्या नोंदवहीत नाव लागतं. ते कोणाचं लागणार हे तिथलं नर्सिंग अँड मिडवाइफरी बोर्ड ठरवतं. म्हणून युनिव्हर्सिटीच्या माहितीपत्रकापासून नव्हे, नोंदणीपासून सुरुवात करायची आणि तिथून मागे मागे येत प्रत्येक पायरी तपासायची.

आधीच नर्स असाल तर इथेच थांबा

भारतात बी. एस्सी. नर्सिंग करून नोंदणी झालेली असेल, तर तिथे पुन्हा तीन वर्षांची पदवी करायची गरज सहसा नसते. आप्राच्या संकेतस्थळावर परदेशी नर्सेससाठी स्व-तपासणी आहे, ती भरायची. पुढे बहुतेकांना दोन परीक्षा द्याव्या लागतात: एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरची आणि ऑस्की ही अ‍ॅडलेडला जाऊन द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांचा मार्ग वेगळा असू शकतो, पण त्यांनीही एजंटकडे जाण्याआधी ही स्व-तपासणी करावी. काही लाखांत होणाऱ्या कामासाठी अर्धा कोटी घालवू नका.

पुढचं सगळं बारावीनंतर थेट पदवीला जाणाऱ्यांसाठी.

अभ्यासक्रम पारखून घ्या

नोंदणी देणारा अभ्यासक्रम म्हणजे बॅचलर ऑफ नर्सिंग, पूर्णवेळ तीन वर्षांचा. बोर्डाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी असते. तुम्हाला मिळालेल्या ऑफर लेटरवरचं नाव त्या यादीत जसंच्या तसं आहे का, आणि त्यापुढे 'रजिस्टर्ड नर्स' लिहिलंय का, ते स्वतः पाहा. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी प्रत्येक अभ्यासक्रमाला क्रिकॉस नोंदणी लागते, तोही क्रमांक जुळवा.

फसगत नावांतच होते. 'बॅचलर ऑफ हेल्थ सायन्स' करून नर्स होता येत नाही. 'पोस्ट-रजिस्ट्रेशन' असं लिहिलेली नर्सिंगची पदवी आधीच नर्स असलेल्यांसाठी असते, तिच्यातून नवी नोंदणी मिळत नाही. 'डिप्लोमा ऑफ नर्सिंग' करून एन्रोल्ड नर्स होता येतं. तो खरा पेशा आहे, पण रजिस्टर्ड नर्सच्या खालचा. 'सर्टिफिकेट थ्री' करून वृद्धाश्रमात केअर वर्करचं काम मिळतं. एजंट सगळ्याला 'नर्सिंगच' म्हणतो. त्याला कमिशन युनिव्हर्सिटी किंवा कॉलेज देतं, हे लक्षात ठेवून त्याचं ऐका. अधिकृत एजंटांची यादी प्रत्येक युनिव्हर्सिटी स्वतः देते, तीही पाहून घ्या.

मोनाश, डीकिन, ला ट्रोब, ग्रिफिथ, वेस्टर्न सिडनी, फ्लिंडर्स अशी बरीच नावं आहेत. माझं मत विचाराल तर जागतिक क्रमवारीवर फार वेळ घालवू नका. पाटी कोणतीही असली तरी नोंदणी तीच मिळते. राहण्याचा खर्च आणि प्रॅक्टिकलची हॉस्पिटलं किती लांब आहेत, हे दोन प्रश्न जास्त उपयोगाचे.

इंग्रजी: सगळ्यात आधी हेच

"मुलगी इंग्लिश मीडियमची आहे" हे वाक्य इथे कामी येत नाही. बोर्डाने ज्या देशांतलं इंग्रजी शिक्षण ग्राह्य धरलंय त्यांत भारत नाही. म्हणजे साताऱ्याच्या मराठी शाळेतली मुलगी आणि पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली मुलगी, दोघींना चाचणी सारखीच.

आयईएलटीएसमध्ये बहुतेक ठिकाणी एकूण ७ आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकात ७ लागतात. बोर्डाने २०२५ मध्ये लेखनाची अट ६.५ वर आणली, पण तुमची युनिव्हर्सिटी प्रवेशाला ते धरते का, हे विचारून घ्या. पीटीई आणि ओईटी याही चाचण्या चालतात. इतर पदव्यांना ६ किंवा ६.५ वर प्रवेश मिळतो म्हणून शेजारच्या इंजिनीअर मुलाशी तुलना करू नका.

मी मराठी माध्यमातली. तिसऱ्या प्रयत्नात पोचले, आणि दोन्ही वेळा अडले ते लेखनातच. व्याकरण ठीक होतं. मी मुद्द्यावर यायलाच उशीर करत होते, आपल्याकडे निबंध लिहितात तसा. रोज एक उत्तर लिहून पहिल्याच वाक्यात मत मांडायची सवय लावली, तेव्हा गाडी रुळावर आली. अकरावीपासून ही तयारी सुरू केलीत तर पुढचं वर्ष वाचेल. मुख्य प्रवेश फेब्रुवारी-मार्चचा असतो, काही ठिकाणी जुलैचाही. बारावीचा निकाल हातात आल्यावर जुलै गाठणं जवळपास अशक्य, त्यामुळे पुढच्या फेब्रुवारीचं लक्ष्य ठेवून जुलै ते ऑक्टोबरमध्ये अर्ज करा.

बारावीला जीवशास्त्र अनेक ठिकाणी सक्तीचं नसतं. तरी असलेलं बरं, कारण पहिल्याच सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया धो धो कोसळतात.

पैसा: हिशेब कागदावर मांडा

फी वर्षाला साधारण ३५,००० ते ४५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. तीन वर्षांची नुसती फीच अर्ध्या कोटी रुपयांच्या पुढे जाते. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या फी आणि प्रवासाखेरीज राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. ही रक्कम मे २०२४ पासूनची. व्हिसाची फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. आरोग्य विमाही पूर्ण मुदतीचा आधी भरायचा.

कर्ज काढताना एक अडचण गावाकडच्या घरांना हमखास येते. वडील ७/१२ घेऊन बँकेत जातात आणि शेतजमीन तारण चालत नाही असं ऐकून परत येतात. बहुतेक बँकांना घर, फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव लागते. हे अर्ज करायच्या आधी विचारा, ऑफर आल्यावर नको. मराठीतल्या कागदांची इंग्रजी भाषांतरंही वेळेत करून घ्या. शिष्यवृत्तीचं म्हणाल तर महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, या पदवीला लागू नाही. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या फीसवलती मात्र असतात, त्या शोधा.

"तिथे काम करून फी निघते" हे ऐकाल. विश्वास ठेवू नका. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. त्यातून जेवण आणि भाडं निघेल, फी नाही. आणि प्लेसमेंटच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, आठवड्यांत तेही बंद पडतं, त्याबद्दल पुढे सांगते.

व्हिसा आणि तब्येतीचे कागद

विद्यार्थ्यांचा व्हिसा म्हणजे सबक्लास ५००. २०२४ पासून त्यात 'जेन्युइन स्टुडंट'चे प्रश्न असतात: हाच अभ्यासक्रम का, इथेच का, पुढे काय करणार. एजंटने लिहिलेली गुळगुळीत उत्तरं देऊ नका. आजीच्या आजारपणात तिची शुश्रूषा केली असेल तर तसं साधं लिहा, सरकारी दवाखान्यात चार दिवस जाऊन बसला असाल तर तेही. आणि खरंच जाऊन बसा. नर्सिंग आपल्याला झेपेल का, हे वॉर्डातल्या वासाने जितकं कळतं तितकं कशाने कळत नाही.

नर्सिंग शिकायला जाणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत छातीच्या एक्स-रेबरोबर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्याही चाचण्या असतात. याखेरीज हॉस्पिटलात पाऊल ठेवण्याआधी लसींचे पुरावे लागतात: हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, फ्लू. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात आणि नंतर रक्तात प्रतिपिंडं तयार झाली का, हेही तपासतात. म्हणून भारतातच सुरू करा, तिथे हे महागात पडतं. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत शोधा. क्षयाची तपासणीही होते. बीसीजी घेतलेल्यांची हातावरची चाचणी कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते, त्यामुळे घाबरू नका, रक्ताची चाचणी मागा.

प्लेसमेंट: खरं शिक्षण इथे होतं

तीन वर्षांत किमान ८०० तास प्रत्यक्ष हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात, मानसिक आरोग्य केंद्रात काम करावं लागतं. बिनपगारी. हे तास ४८ तासांच्या मर्यादेत मोजले जात नाहीत, ही चांगली गोष्ट; पण सकाळी सातला सुरू होणारी ड्युटी करून आल्यावर दुसरी नोकरी करायला अंगात त्राण उरत नाही. २०२५ मध्ये सुरू झालेला सरकारी प्लेसमेंट भत्ता परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला प्लेसमेंटच्या आठवड्यांचं भाडं आणि किराणा बाजूला काढून ठेवा.

माझी पहिली प्लेसमेंट वृद्धाश्रमात होती. आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलात रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे बहुतेक नातेवाइकांवर असतं. तिथे ते नर्सचं काम आहे. ऐंशीच्या घरातले एक आजोबा, त्यांना पहिल्यांदा अंघोळ घालताना माझे हात थरथरत होते. बरोबरची नर्स हळूच म्हणाली, आधी टॉवेल पांघर, मग एकेक भाग उघड. पाठ धुता धुता तिने मला त्यांच्या माकडहाडाजवळचा लालसर डाग दाखवला. बोटाने दाबला तरी तो पांढरा पडत नव्हता. शय्याव्रणाची ती सुरुवात होती. अंघोळ म्हणजे रुग्णाची तपासणीसुद्धा असते, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं नीट शिकवलं नसतं. घरातल्यांना "पोरीला असली कामं करावी लागतात" असं वाटत असेल, तर त्यांना हे सांगा.

काही बारीक गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. कोपराखाली काही घालायचं नाही: बांगड्या नाहीत, घड्याळ नाही, नेलपॉलिश नाही. घड्याळ छातीवर उलटं टाचतात. रुग्णाला एकटीने उचलायचं नाही, त्यासाठी हॉइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र, असतं. आपण "सलाईन लावलं" म्हणतो, तिथे सलाईन म्हणजे फक्त मिठाचं पाणी, लावतात ती ड्रिप. क्रोसिनला पॅनाडॉल म्हणतात. प्राध्यापकांना आणि डॉक्टरांनाही नावाने हाक मारतात. सुरुवातीला जीभ अडखळते, पण शंका आली तर डॉक्टरला थांबवून विचारणं हे तिथे तुमचं कर्तव्यच मानतात. गप्प बसणाऱ्या विद्यार्थिनीला नम्र समजत नाहीत, असुरक्षित समजतात. आपल्या मुली इथेच मागे पडतात. समजलं नसेल तर "सॉरी, पुन्हा सांगा" म्हणायला शिका.

औषधांच्या गणिताच्या परीक्षेत अनेक ठिकाणी १०० टक्के गुण लागतात. उदाहरणार्थ, डॉक्टरने ७५ मिलिग्रॅम लिहिलंय आणि कुपीत २ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम आहे. ७५ भागिले १००, गुणिले २, म्हणजे दीड मिलिलिटर. ड्रिपचं असंच: १,००० मिलिलिटर ८ तासांत द्यायचंय, संच मिलिलिटरला २० थेंबांचा. १,००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. आपल्या मुलांचं गणित पक्कं असतं, पण प्रश्न इंग्रजी वाक्यांत गुंडाळून येतो. सुट्टीतच रोज पाच सोडवा.

आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट बेटवासी लोकांच्या आरोग्यावरचा विषय सक्तीचा असतो. तो ओझं समजू नका. एखादा माणूस हॉस्पिटलला का घाबरतो, याची मुळं इतिहासात किती खोल गेलेली असतात, ते तिथे कळतं.

पहिलं वर्ष झालं की वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलात असिस्टंट इन नर्सिंगचं काम मिळू शकतं. हॉटेलात भांडी घासण्यापेक्षा हे धरा. पैसे बरे मिळतात, आणि कान तिथल्या बोलण्याला सरावतो.

पदवी हातात आल्यावर

शेवटचं सत्र संपायच्या महिनाभर आधीच आप्राकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. पुढे तिथे राहून काम करण्यासाठी दोन वर्षांचा सबक्लास ४८५ व्हिसा मिळू शकतो, त्याला वयाची अट साधारणपणे ३५ वर्षांची. उशिरा शिकायला जाणाऱ्या विवाहित मुलींनी हे आधीच मोजून पाहावं. नव्या नर्सेससाठी हॉस्पिटलांत वर्षभराचा ग्रॅज्युएट प्रोग्रॅम असतो, पण अनेक राज्यांत तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आधी जागा देतात. तिथे नाव लागलं नाही तर खचू नका, नोंदणीसाठी तो सक्तीचा नाही. वृद्धसेवेत आणि शहरांपासून दूरच्या हॉस्पिटलांत नर्सेसची गरज मोठी आहे. अर्ज तिकडे करा. कायम वास्तव्यासाठी नर्सिंगचं कौशल्य मूल्यांकन ॲनमॅक ही संस्था करते.

आणि परत यायचा विचार असेल, तर तिथली पदवी इथे आपोआप चालत नाही. भारतीय नर्सिंग परिषदेकडून समकक्षता आणि मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी विषयवार तास आणि प्लेसमेंटचे तास लिहिलेलं पत्र युनिव्हर्सिटीकडून तिथून निघण्याआधीच, शिक्क्यासह घेऊन या. नंतर मेलवरून ते मिळवायला माझ्या मैत्रिणीला आठ महिने लागले.