टायमिंगचा कोड आला की सेन्सरकडे धावू नका

स्कॅनरवर पी००१६ हा टायमिंगचा कोड दिसला की बऱ्याच गॅरेजमधून पहिला फोन जातो स्पेअरच्या दुकानाला. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सर बदलला, कोड उडवला, गाडी दिली. इंजिनचा दिवा परत लागला की क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) सेन्सर. तरी लागला की ‘ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असेल’. अरे, या कोडचा अर्थ एवढाच की क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही सिग्नल येतायत, म्हणूनच तर ते जुळत नसल्याचं ईसीयूला कळलं. सिग्नलच तुटला असता तर बहुधा पी०३३५ (क्रँकचा) किंवा पी०३४० (कॅमचा) आला असता.

नेहमीची केस म्हणजे व्हीव्हीटीवालं (व्हॉल्व्हचं टायमिंग चालता चालता बदलणारं), चेनचं पेट्रोल इंजिन. सकाळी पहिल्या सेल्फला दोन-तीन सेकंद खडखड, चढावर ओढ नाही, सेन्सर दोन्ही नवे. डिपस्टिक काढावी तर ऑइल खालच्या खुणेलाही टेकत नाही आणि फिलर कॅपच्या आत काळा गाळ. अशा इंजिनात टेन्शनर (चेन ताणून धरणारा) आणि फेजर (कॅम पुढेमागे करणारा) दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात. दाब नसला की चेन ढिली पडते आणि फेजर मनाला येईल तिथे थांबतो. म्हणून आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड बघा. मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह (फेजरला ऑइल सोडणारा) काढून त्याची जाळी साफ करा. परत बसवून आयडलवर त्याला फ्यूजच्या वायरने क्षणभर १२ व्होल्ट द्या. इंजिन अडखळायला हवं. ढिम्म राहिलं तर व्हॉल्व्ह तरी अडकलाय, नाहीतर फेजर. त्यानंतर कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरमध्ये सारखंच कमी असेल तर स्प्रॉकेटवर (दातेरी चाकावर) चेनचा दात सुटल्याचा संशय घ्या. एकातच कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. कॅम स्प्रॉकेटला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश, क्रँकचे २०. चेनचं कव्हर उघडायचं ते इथपर्यंत आल्यावर.

दुसरी चूक नवशिक्यांची. चेन बसवली, क्रँक दोन फेरे फिरवला, चेनच्या रंगीत कड्या खुणांवरून सरकलेल्या दिसल्या आणि सगळं परत खोललं! रंगीत कड्या फक्त बसवतानाच्या कामाच्या. पुन्हा खुणांवर यायला त्यांना कितीतरी फेरे लागतात. दोन फेऱ्यांनंतर जुळायला हव्यात त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा. कॅम एकदा फिरतो तेव्हा क्रँक दोनदा फिरतो, हे डोक्यात पक्कं असेल तर हा घोळ होतच नाही.

टायमिंगच्या पिना (क्रँक-कॅम जागेवर अडकवणाऱ्या) लावून क्रँक पुलीचा बोल्ट सोडवू नका. पिन वाकते, खाच बिघडते. पुली धरायचं हत्यार वेगळं असतं.

क्रँक उलटा फिरवू नका, टेन्शनरच्या बाजूला ढील येऊन दात सुटतो.

तीन वायरच्या हॉल सेन्सरचा ओहम मोजून काही कळत नाही. सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल तपासा.

बॅटरी उतरली असेल तर आधी ती चार्ज करा. सेल्फ मंद फिरला की दोन वायरच्या क्रँक सेन्सरचा सिग्नल क्षीण होतो आणि नसता कोड येतो.

क्रँक स्प्रॉकेटला चावी (त्याला घसरू न देणारा छोटा तुकडा) आहे का, बघा. काही इंजिनांत नसते; तिथे बोल्ट ढिला झाला की टायमिंग गेलंच.

जोडणी झाल्यावर लगेच स्टार्ट करायची घाई नको. पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे. मध्ये अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून पाच-पाच सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. तोवर टेन्शनर रिकामाच असतो.